काळा की सिल्व्हर: एका लायका एम६ चं पितळ

गेल्या भाऊबीजेला मेव्हणा घरी आला, बायकोने त्याला ओवाळलं, त्याने ताटात पाकीट ठेवलं आणि पाटावरून उठायच्या आधीच माझ्यापुढे मोबाईलवर दोन जुन्या कॅमेऱ्यांचे फोटो धरून म्हणाला, "दाजी, एका शब्दात सांगा, काळा की सिल्व्हर?" त्या एका शब्दापर्यंत पोचायला आम्हाला संक्रांत उजाडली. मधे जे काय झालं ते लिहून ठेवतोय, कारण हाच प्रश्न मला याआधीही तीन-चार जणांनी विचारलाय आणि दरवेळी मी "जो आवडेल तो घे रे" म्हणून सुटका करून घेतलीय. ते उत्तर आळशीपणाचं होतं हे आता कळतंय.

आधी परिस्थिती सांगतो. मेव्हणा चौतीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, लग्न झालेलं, मूल अजून व्हायचंय, म्हणजे स्वतःवर पैसे उडवायची ही शेवटची संधी (वाक्य त्याचंच). फिल्मवर फोटो काढायचा नाद घरातूनच लागलेला. माझे सासरे, त्यांना आम्ही सगळेच अप्पा म्हणतो, ऐंशीच्या दशकात मस्कतला होते आणि तिकडून येताना त्यांनी यशिका इलेक्ट्रो ३५ आणला होता, जीएसएन मॉडेल, ४५ एमएम एफ १.७ ची लेन्स, वरच्या बाजूला एक पिवळा आणि एक लाल दिवा. पिवळा लागला की शटर हळू पडणार, हात हलवायचा नाही, लाल लागला की उजेड जास्त झाला, एवढं शिकवून अप्पांनी तो पोराच्या हातात दिला आणि पोरगं रेंजफाइंडरवर वाढलं, म्हणजे फोकस करताना दोन प्रतिमा एकावर एक आणून बसवायच्या हे त्याला सायकलसारखं येतं. पण त्या यशिकाच्या आत एक बारीकसं रबरी पॅड असतं, ते इतक्या वर्षांनी विरघळतं आणि मग एक्सपोजरचा काही भरवसा राहत नाही, हा त्या मॉडेलचा ठरलेला आजार आहे, तो याही कॅमेऱ्याला झाला. मूळची ५.६ व्होल्टची मर्क्युरी बॅटरी तर कधीचीच बंद झालेली, अ‍ॅडॉप्टर लावून भागवत होते. एकदा दुरुस्त करून आणला, वर्षभर चालला, परत तेच. मग याने ठरवलं की आता ज्याला बॅटरीशिवाय फोटो काढता येतो असाच कॅमेरा घ्यायचा, आणि गाडी लायका या जर्मन कंपनीच्या कॅमेऱ्यांवर आली.

मोबाईलवर दोन फोटो होते. दोन्ही एम६, दोन्ही १९८४ ते १९९८ मधल्या जुन्या जातीचे, म्हणजे मीटर आहे पण तो नुसता उजेड सांगायला, बॅटरी संपली तरी एक सेकंदापासून १/१००० पर्यंत सगळे शटर स्पीड चालतात. काळा होता मुंबईला, फोर्टात बोरा बाजारातल्या एका दुकानात. सिल्व्हर होता पुण्यातच कोथरूडला, एका रिटायर्ड गृहस्थांकडे. दोघांची किंमत दोन-सव्वादोन लाखाच्या घरात, फरक पाचेक हजारांचा, म्हणजे पैशाने निर्णय होणार नव्हता. तिथेच तर माणूस अडकतो. किमतीत पन्नास हजारांचा फरक असता तर त्याने स्वस्तातला घेतला असता आणि रंगाचं तत्त्वज्ञान नंतर तयार केलं असतं.

त्याचं मन काळ्याकडे होतं. का, असं विचारलं तर तीन कारणं सांगितली. एक, काळा कॅमेरा रस्त्यावर लोकांच्या डोळ्यात भरत नाही. दोन, प्रोफेशनल दिसतो. तिसरं कारण जरा लाजत सांगितलं, की वापरून वापरून कडांचा काळा रंग उडतो आणि खालचं पितळ दिसायला लागतं, ते त्याला फार आवडतं. जपानी लोकांचे तसे कॅमेरे त्याने मोबाईलमध्ये साठवून ठेवले होते, शंभरेक तरी फोटो असतील, एका अल्बमचं नावच 'पितळ'. माझी बायको आतून ओरडली, "पितळ बघायचंय तर आईकडचे तांबे घेऊन जा, घासून पण दे." तो विषय तेवढ्यावर थांबला, पण खरी गोम तिसऱ्या कारणातच आहे हे माझ्या लक्षात आलं.

कारण एम६ ला पितळ नसतंच.

हे जरा नीट सांगायला हवं. लायकाचे जुने एम कॅमेरे, म्हणजे १९५४ चा एम३, त्याच्यानंतरचा एम२, १९६७ चा एम४, यांचं वरचं झाकण, ज्याला टॉप प्लेट म्हणतात, ते पितळेचं. बहुतेक कॅमेऱ्यांवर त्याच्यावर सॅटिन क्रोमचं प्लेटिंग असायचं, तोच तो सिल्व्हर. थोडे कॅमेरे काळ्या रंगाने रंगवलेले निघायचे, त्यात पत्रकार फोटोग्राफरांसाठीचे बरेच, आणि तो रंग म्हणजे अक्षरशः रंग, पेंट, लाखेसारखा चकचकीत, त्यामुळे तो बोटांच्या घामाने, पट्ट्याच्या घासण्याने, बॅगेतल्या किल्ल्यांनी उडायचा आणि कडांना पितळ उघडं पडायचं. मराठीत पितळ उघडं पडणं म्हणजे अब्रू जाणं, आणि या जमातीत मात्र त्याची किंमत वाढते. इतकी वाढते की साधे सिल्व्हर एम३ काळे रंगवून ओरिजिनल म्हणून खपवायचे धंदेसुद्धा चालतात.

मग सत्तरच्या दशकात काळं क्रोम आलं. १९७१ चा एम५ घ्या, तो काळ्या क्रोममध्ये यायचा. हा पेंट नाही, हेही प्लेटिंगच, फक्त काळं, मॅट, आणि पेंटपेक्षा कितीतरी चिवट. आणि एम६ पर्यंत येईतो टॉप प्लेट पितळेऐवजी जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली व्हायला लागली. म्हणजे काळा एम६ तुम्ही वीस वर्षं घासलात तरी खालून जे दिसणार ते राखाडी पांढरट जस्त, भंगारवाल्याकडच्या जुन्या नळासारखं. पितळ हवं असेल तर लायकाचाच २००३ चा एमपी घ्यायला पाहिजे, त्याच्यात पितळेची टॉप प्लेट परत आली आणि काळा पेंटही परत आला, किंवा २०२२ साली लायकाने एम६ पुन्हा काढला तो, त्याचीही टॉप प्लेट पितळेची आहे, पण तो आला फक्त काळ्यात आणि किंमत ऐकून मेव्हण्याने पाणी मागितलं असतं.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "दाजी, म्हणजे तो अल्बम डिलीट करू?" मी म्हटलं, राहू दे, पण त्यातला एकही फोटो तू घेतोयस त्या कॅमेऱ्याचा नाहीये एवढं लक्षात ठेव.

तिसरं कारण गेलं, राहिली दोन. प्रोफेशनल दिसण्याबद्दल मी काही बोललो नाही कारण हिंजवडीतल्या माणसाला लायका घेऊन प्रोफेशनल दिसायचं असेल तर त्याच्यावर औषध नाही. तरी एक गोष्ट सांगितली. काळा म्हणजे नवा आणि भारी, सिल्व्हर म्हणजे जुना आणि साधा, ही समजूत कायमची नाहीये, उलटी पण होती. १९२५ चा पहिला लायका काळा होता. झाइसचा पहिला कॉन्टॅक्स १९३२ चा, तोही काळा. क्रोम नंतर आलं आणि आलं तेव्हा तेच नवीन आणि दिमाखदार होतं, कॉन्टॅक्स २ १९३६ साली क्रोममध्ये आला तेव्हा मागचा काळा जुनाट वाटायला लागला असणार. फॅशन नुसती फिरत राहते. अप्पांच्या यशिकाचंच बघा, सिल्व्हर असला तर जीएसएन, काळा असला तर जीटीएन, मशीन तेच, लेन्स तीच, मधलं एक अक्षर वेगळं. कंपनीने रंगाला नावातच जागा दिली होती.

आता पहिलं कारण, डोळ्यात न भरण्याचं. याच्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि कोणी दोन कॅमेरे घेऊन रस्त्यावर जात नाही. आम्ही गेलो. माझ्याकडे एम२ आहे, १९६० च्या आसपासचा, सिल्व्हर, आणि मुंबईच्या दुकानदाराने थोडे पैसे ठेवून घेऊन काळा एम६ शनिवार-रविवार वापरायला दिला. (हे सगळेच देत नाहीत, मेव्हणा बोलण्यात गोड आहे.) रविवारी सकाळी आम्ही आधी मंडईत आणि मग जुन्या बाजारात गेलो, दोघांच्या कॅमेऱ्यात एचपी फाइव्ह ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, दोघांना ३५ एमएमची लेन्स, आणि दर अर्ध्या तासाने कॅमेऱ्यांची अदलाबदल.

पहिली गोष्ट, कॅमेऱ्याचा रंग कोणालाही लांबून दिसत नाही. लोकांना दिसतो तो माणूस, जो भाजी न घेता कोबीच्या ढिगासमोर उभा आहे. दिसते ती हालचाल, हात डोळ्याशी जाण्याची. तुम्ही आधीच अंतर बांधून ठेवलंत, एफ ८ ला लेन्स लावलीत आणि कॅमेरा अर्धा सेकंद वर घेऊन खाली आणलात तर सोन्याचा कॅमेरा असला तरी कोणी बघणार नाही, आणि दहा सेकंद फोकस करत बसलात तर काळ्या कोळशाचा असला तरी सगळी मंडई बघेल. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसों कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या टेपने झाकायचा हे खरं आहे, सगळे तेच उदाहरण देतात, पण तो टेपमुळे अदृश्य नव्हता, त्याचे पाय जलद होते. शिवाय एम६ च्या पुढच्या बाजूला लाल ठिपका असतो, जुन्यांवर लाइट्झ लिहिलेलं, नंतरच्यांवर लायका. सिल्व्हरवर तो ठिपका कसा मिसळून जातो आणि काळ्यावर तोच असा उठून दिसतो की जणू कपाळावरचं कुंकू. म्हणजे लपण्यासाठी काळा घ्यायचा आणि मग ठिपक्यावर टेप लावायची, हा एक वेगळाच खेळ.

दुसरी गोष्ट मात्र आम्हाला दोघांनाही अपेक्षित नव्हती. कॅमेरा दिसल्यानंतर, म्हणजे दोन-तीन फुटांवरून, लोक बोलतात ते रंगाप्रमाणे वेगळं बोलतात. माझ्या हातात काळा असताना एका लिंबूवाल्या मावशींनी विचारलं, "कुठल्या पेपरचे तुम्ही?" आणि पदर सावरून बसल्या, चेहरा एकदम सरकारी. जुन्या बाजारात एका कुलुपं विकणाऱ्याने सरळ सांगितलं, फोटो नको, परवा एक चॅनेलवाले येऊन गेले आणि काय काय दाखवलं. तोच मेव्हणा सिल्व्हर घेऊन अर्ध्या तासाने त्याच्यासमोर उभा राहिला तर, "हा जुना आहे का हो? रीळ मिळतं का याला अजून? आमच्या काकांकडे होता असला," आणि मग काकांची गोष्ट, आणि गोष्ट सांगता सांगता त्याने स्वतःच कुलुपांच्या ढिगावर हात ठेवून पोज दिली. हे एकदा झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं, पण त्या सकाळी काळ्याला लोक बहुतेक वेळा "कशासाठी" विचारत होते आणि सिल्व्हरला "कधीचा". याच्यावरून काही सिद्ध होतं असं नाही, एक सकाळ, दोन माणसं. पण ज्याला फोटो काढताना माणसांशी बोलायला आवडतं त्याच्यासाठी ही माहिती रंग लपतो की नाही याच्यापेक्षा जास्त कामाची आहे, आणि आमचा मेव्हणा बोलघेवडा आहे. त्याला अदृश्य व्हायचंय हे त्याने कुठेतरी वाचलेलं होतं, त्याचा स्वभाव तो नव्हे.

घरी येऊन फिल्म धुतली, तर एक नंबरचा पुरावा कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे अख्ख्या रिळाच्या छोट्या छोट्या फोटोंच्या कागदावर. सिल्व्हरवाल्या फ्रेम्समध्ये माणसं कॅमेऱ्याकडे बघतायत, हसतायत. काळ्यावाल्यांमध्ये पाठी आणि अर्धे चेहरे. कुठले फोटो चांगले, याच्यावर मात्र आमचं भांडण झालं. मला काळ्याचे आवडले. त्याला सिल्व्हरचे. आणि कॅमेरा तो घेणार होता.

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे. काळा आमच्याकडे होता तेव्हाच खिडकीच्या तिरप्या उन्हात धरून बघितला तर टॉप प्लेटवर, शटर डायलच्या मागे, तीन-चार बारीक फोड. गोवराच्या पुरळासारखे, बोट फिरवलं तर लागतात. ही त्या जस्ताची जुनी खोड, प्लेटिंगच्या खाली गंज धरतो आणि वरचा थर फुगतो, आणि त्याला घरगुती उपाय काही नाही. कॅमेरा चालायला अडत नाही, पण मुंबईच्या हवेत तो वाढणार नाही असं कोण म्हणेल. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं. लपवलं असंही मी म्हणणार नाही, काळ्या मॅटवर समोरून बघितलं तर ते दिसतच नाही. सिल्व्हर बघायला कोथरूडला गेलो तर गृहस्थांनी पुढ्यात चहा ठेवला, आणि कॅमेरा द्यायच्या आधी स्वतःच सांगितलं की खालच्या प्लेटला ट्रायपॉडवरून पडल्याचा पोचा आहे. होता. खालची प्लेट तर रोज फिल्म भरताना काढायचीच असते, पोच्यामुळे ती जरा घट्ट बसत होती, बाकी टॉप प्लेट गुळगुळीत. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, काळ्याचा जास्त स्वच्छ होता हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, सिल्व्हरच्या रेंजफाइंडरचा चौकोन दिव्यासमोर धरला की पांढरा पडून गायब व्हायचा, पण तो त्रास एम६ ला मुळातूनच थोडाफार असतो, डोळा जरा सरकवला की परत येतो. अंतर अनंताला, म्हणजे खूप लांबच्या वस्तूला, बरोबर जुळत होतं, समोरच्या इमारतीवरच्या टाकीवर तपासलं.

इथे एक पोटप्रश्न निघाला. गृहस्थांकडे त्याच कॅमेऱ्याबरोबर सिल्व्हरच ५० एमएमची सुमिक्रॉन ही लायकाचीच लेन्स होती आणि ते म्हणाले, जोडी मोडू नका. दिसायला सुंदर, प्रश्नच नाही. पण लायकाच्या लेन्समध्ये रंग बदलला की वजन बदलतं हे पुष्कळांना माहीत नसतं. नव्वदच्या दशकापासूनच्या या ५० एमएमची काळी लेन्स अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत बसवलेली, साधारण २४० ग्रॅम, आणि सिल्व्हर असते पितळेच्या नळीत, साधारण ३३५ ग्रॅम. काचा त्याच, फोटो तोच, गळ्यात मात्र पाव किलोला थोडं कमी की तिसरा हिस्सा किलो. मेव्हणा एकदम खूश, "म्हणजे पितळ आहे की याच्यात!" मी म्हटलं, आहे, क्रोमच्या खाली, तुझ्या नातवाला दिसेल. शेवटी लेन्स घेतली नाही कारण बजेट संपलं होतं, आणि फोक्टलेंडर कंपनीची छोटी काळी ३५ एमएमची लेन्स लावायचं ठरलं. सिल्व्हर बॉडीवर काळी लेन्स, याला लोक पांडा म्हणतात. काहींना चालत नाही ते, मला चालतं. सगळंच सिल्व्हर असलं की कॅमेरा शोकेसमधला वाटतो.

तर निर्णय. डिसेंबरच्या शेवटी आम्ही तिघं, मी, बायको आणि तो, स्वयंपाकघरात बसलो होतो आणि तो अजूनही काळा-सिल्व्हर करत होता. पितळेचा मुद्दा गेलाय, लपण्याचा गेलाय, फोड दिसलेत, तरी मन काळ्यावर. तेव्हा बायकोने विचारलं, "तुझ्या गाडीच्या मागच्या सीटचं प्लॅस्टिक काढलंस का रे?" गाडी घेऊन तीन वर्षं झालेली. नव्हतं काढलं. मोबाईलला कव्हर, कव्हरवर ओरखडा आला म्हणून दुसरं कव्हर, घड्याळ सणाला. म्हणाली, "तुला दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावरचे ओरखडे आवडतात. स्वतःच्या कॅमेऱ्यावर पहिला पडला की तू जेवणार नाहीस."

दोन महिने मी धातू आणि प्लेटिंग सांगत होतो आणि हिने एका प्लॅस्टिकमध्ये केस संपवली. कारण ओरखड्याच्या बाबतीत काळा आणि सिल्व्हर खरंच वेगळे वागतात. सिल्व्हर क्रोम कडक, आणि त्याच्यावर बारीक चरे पडले तरी रंग तोच राहतो, चरा आणि आजूबाजूचा भाग दोन्ही चंदेरी, म्हणून तीस वर्षांनीही कॅमेरा साधारण तसाच दिसतो. माझा एम२ साठीच्या पुढे गेलाय आणि लोक मला विचारतात पॉलिश केलात का. काळ्यावर प्रत्येक चरा म्हणजे फळ्यावर खडू. काही लोकांना तेच हवं असतं, त्यांना तो कॅमेरा आपल्याबरोबर म्हातारा झालेला बघायचा असतो, त्यांनी जरूर काळा घ्यावा, पण मग तो पितळेवरचा काळा पेंट घ्यावा, जस्तावरचं काळं क्रोम हे त्या हौशीतलं सगळ्यात मधलं आणि सगळ्यात फसवं घर आहे. चिवट इतकं की लवकर झिजत नाही, आणि झिजलं की खाली बघण्यासारखं काही नाही.

बारा जानेवारीला सिल्व्हर घेतला. गृहस्थांनी पोच्याचे तीन हजार स्वतःहून कमी केले आणि तिळगूळ दिला.

आता गणपती झाले, म्हणजे आठ महिने वापरून झालाय, तर हिशेब काय म्हणतो ते पण लिहायला पाहिजे, नाहीतर नुसतीच खरेदीची गोष्ट होईल. मे महिन्यात आम्ही मुद्दाम बघितलं, त्याचा सिल्व्हर आणि माझ्या मित्राचा काळा गच्चीवर वीस मिनिटं उन्हात ठेवले, काळा जास्त तापला, हात लावून लगेच कळत होतं, पण सिल्व्हरही काही थंड नव्हता. खरी भीती रंगाची नाहीच. या कॅमेऱ्यांत आरसा नसतो, शटरचा पडदा रबर लावलेल्या कापडाचा असतो, आणि लेन्स उघडी, फोकस अनंताला आणि तोंड सूर्याकडे असं ठेवलं तर भिंगाने कागद जाळतात तसा पडद्याला भोक पडतं. म्हणून गच्चीवर दोघांना झाकण लावून ठेवलं होतं. नवीन माणूस रंगाची चौकशी तासभर करतो आणि हे विचारत नाही.

वारीत दोन दिवस दिवे घाटापासून पुढे चालला. पाऊस, चिखल, आणि पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत त्याचा पांढुरका कॅमेरा. एका आजोबांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि "आमच्या लग्नात असलाच होता" म्हणाले. ते लग्नातले फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढले होते देव जाणे, पण आजोबांचा फोटो चांगला आलाय.

तोटाही एक निघाला, आणि तो माझ्या लक्षात आधी यायला हवा होता. काचेतून फोटो. कोकणात जाताना एसटीच्या बंद खिडकीतून, दुकानाच्या शोकेसमधून, सिल्व्हर कॅमेऱ्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि फोटोत मधोमध एक पांढरट डाग, नीट बघितलं तर त्यात बोटं पण दिसतात. काळा असता तर नसतं झालं, किंवा खूप कमी. आता तो खिशात काळा रुमाल ठेवतो आणि काचेला टेकवताना कॅमेऱ्यावर टाकतो, जुन्या स्टुडिओतल्या फोटोग्राफरसारखा. तसंच नाटकाचं. माझा एक मित्र प्रायोगिक नाटकांच्या तालमींचे आणि प्रयोगांचे फोटो काढतो, पहिल्या रांगेत बसून, त्याच्याकडे काळाच आहे आणि काळाच पाहिजे, कारण स्टेजवरचा दिवा सिल्व्हर टॉप प्लेटवर पडला की नटाच्या डोळ्यात कवडसा जातो आणि मध्यंतरात बोलणी खावी लागतात. म्हणजे लपायला काळा हे अगदीच खोटं नाही. अंधारात आणि काचेसमोर खरं आहे, मंडईत नाही.

काळा त्याच्या डोक्यातून गेला का? नाही. अल्बम अजून आहे. परवा मला म्हणाला, "दाजी, पन्नाशीला एमपी घेईन, काळा पेंट." मी म्हटलं, आधी सीटचं प्लॅस्टिक काढ.

अप्पांना आम्ही तो कॅमेरा गणपतीत दाखवला. आता डोळ्यांना कमी दिसतं, हाताने चाचपून बघतात. फिल्म पुढे करायचा दांडा अंगठ्याने अर्धा ओढून सोडला, लेन्सची रिंग फिरवली, वरून बोट फिरवत राहिले. मग मेव्हण्याला विचारलं, "पिवळा दिवा कुठेय रे याचा?"

"वर नाही अप्पा, आत आहेत. डोळा लावा, लाल बाण दिसतील."

अप्पांनी डोळा लावला, खिडकीकडे तोंड केलं आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. "दिसले," म्हणाले. "फिल्म आहे का यात?"

होती. त्यांनी खिडकीत उभ्या असलेल्या सासूबाईंचा एक फोटो काढला. रीळ अजून संपलेलं नाही.